नेमक्यांनी केलेली टर्मिनलची व्याख्या

त्यांचं आडनाव नेमके नव्हतं. पण "नेमकं सांगायचं तर" असं म्हटल्याशिवाय या गृहस्थांचं एक वाक्य सुरू व्हायचं नाही, म्हणून बंदराच्या कार्यालयात कुणीतरी ते नाव चिकटवलं आणि ते असं बसलं की नवे कारकून त्यांच्या टपालावरही तेच लिहू लागले. किती वाजले विचारलं तर नेमके आधी विचारणार, कुठल्या घड्याळात? फाटकावरचं चार मिनिटं पुढे आहे, वरच्या मजल्यावरचं दोन मिनिटं मागे. तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. अशा माणसाचं घरात कौतुक होत नाही आणि कचेरीत बढती होत नाही. नेमक्यांच्या बाबतीत काही वेगळं घडलं नाही.

काम मात्र चोख. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद एका मोठ्या यंत्रावर व्हायची. ते यंत्र मुख्य इमारतीत, थंडगार खोलीत, कुलपाआड. आणि धक्क्यावरच्या गोदामांत, फाटकांवर, वजनकाट्यापाशी मिळून चौसष्ट टर्मिनल. एक जाडजूड काचेचा पडदा, पुढे कळफलक आणि मागून निघून थेट त्या मोठ्या यंत्रापर्यंत गेलेली केबल, की झाला टर्मिनल. कारकुनाने इथे बटण दाबायचं, अक्षर केबलमधून तिकडे जायचं, आणि यंत्राने ते परत पाठवलं की मगच पडद्यावर हिरवं उमटायचं. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना गंजायच्या, उंदीर केबली कुरतडायचे, हमाल टर्मिनलवर चहाचे पेले ठेवायचे. ही चौसष्ट पोरं सांभाळायला माणसं दोनच. एक नेमके आणि दुसऱ्या सोल्डरबाई.

बाईंचा हात असा स्थिर की धावत्या लिफ्टमध्येही सोल्डर लावतील. त्यांच्या दुरुस्तीच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यापुढे कुणीतरी कपाट आणून ठेवलं होतं. ते हलवण्यासाठी बाईंनी एकोणीस अर्ज केले. कपाट हललं नाही. सोल्डरचा धूर खोलीतच फिरायचा आणि बाई खोकत खोकत काम करायच्या. बिघाड टर्मिनलमध्ये आहे की केबलमध्ये, हे ओळखण्याची त्यांची युक्ती मोठी झकास होती. केबल उपटायची, डोक्यातली एक पिन काढून वाकवायची आणि टर्मिनलच्या मागच्या भोकांत, दोन नंबर आणि तीन नंबरमध्ये खोचायची. मग जे टाइप कराल तेच पडद्यावर परत येतं. आलं, तर टर्मिनल धडधाकट आहे, दोष केबलचा. बाईंनी तशी एक पिन जुन्या कनेक्टरला कायमची डाग देऊन नेमक्यांना दिली होती. नेमके ती पुढे सगळी वर्षं खिशात घेऊन फिरले.

आता नियमाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. बंदराच्या नियमावलीत लिहिलं होतं की "संगणकाची दुरुस्ती व देखभाल" करणारा तो तांत्रिक कर्मचारी, बाकीचे सहायक. तांत्रिक माणसाला निवृत्तीनंतरही बंदराचं इस्पितळ जन्मभर खुलं. सहायकाचं कार्ड निवृत्तीच्या दिवशी परत घेतात. थंड खोलीतल्या यंत्राशेजारी बसून पेंगणारे दोघे तांत्रिक ठरले. नेमके आणि बाई सहायक. का? तर टर्मिनल हे संगणक नव्हेत. भांडारात त्यांची नोंद "पंखे, घड्याळे व इतर" या सदराखाली होती. ज्यांनी उभ्या आयुष्यात कनेक्टर हातात धरला नाही, त्यांनी हे ठरवलं.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. बाईंचा खोकला मात्र निवृत्त झाला नाही. तीन वर्षांत जिना चढणं अवघड झालं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आखडत चालली आहेत, दर आठवड्याला उपचार घ्यायला हवेत, नाहीतर घरात नाकाला यंत्राची नळी लावून बसावं लागेल. ते उपचार बंदराच्या इस्पितळात होत होते. दुसरीकडे कुठे परवडण्यासारखे नव्हते.

नेमक्यांची प्रकृती ठणठणीत होती. त्यांना दुसरंच दुखणं लागलं होतं. जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता आणि नेमके तिथे जाऊन बसले होते. नाव घेतलं होतं "हिरवा पडदा". पहिल्याच आठवड्यात त्यांना "काळी खिडकी" नावाचा एक इसम भेटला. तो म्हणाला, मी रोज माझ्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडतो, काळी खिडकी उघडते, तोच टर्मिनल. झालं! नेमक्यांनी लिहिलं, "नेमकं सांगायचं तर ते टर्मिनल नव्हे, टर्मिनलचं सोंग आहे. राजाचं सोंग घेतलेल्या नटाकडे कुणी सारा भरत नाही." काळी खिडकी म्हणाला, मग पडद्याऐवजी कागदावर छापणारी जुनी यंत्रं? तीही टर्मिनलच म्हणायची ना? मग फोन? मग दुकानातलं कार्ड घासायचं यंत्र? नेमक्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं, क्रमांक टाकून. असा शब्दांचा कीस दोघांनी चार वर्षं पाडला. मध्ये एकदा कट्टेवाल्यांनी चर्चेला कुलूप लावलं, तर यांनी दुसऱ्या पानावर बिऱ्हाड हलवलं.

नेमक्यांची बायको एकदा म्हणाली, "त्या खिडकीशी जेवढं मन लावून भांडता, तेवढं एकदा माझ्याशी भांडा. मला बरं वाटेल."

नेमके म्हणाले, "भांडण नाही, चर्चा आहे."

"तेच ते."

"तेच नाही," नेमके म्हणाले, आणि दोन्हींतला फरक सांगू लागले. बायको उठून आत गेली.

या माणसाची टवाळी करणं सोपं आहे. पण एकतीस वर्षं ज्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही, त्याला इथे तीनशे माणसं विचारत होती. गंजलेली पिन कशाने साफ करायची, पडद्यावर जळून उमटलेली अक्षरं जातात का, केबल किती लांब चालते. नेमके उत्तर द्यायचे आणि कुणीतरी खाली लिहायचं, "धन्यवाद, गुरुजी." साहेबांनी ज्याला कधी "बसा" म्हटलं नव्हतं त्या माणसाला गुरुजी म्हटल्यावर त्याची मान ताठ होणारच. राग त्याचा नाही. राग पुढच्याचा आहे.

बाईंनी अर्ज केला. मेहनतीने केला. टर्मिनल उघडून आतल्या सर्किटच्या पाटीचा फोटो काढला, त्यावर बाण काढले: हा प्रोसेसर, ही मेमरी, या चिपमध्ये प्रोग्राम. ज्यात प्रोसेसर, मेमरी आणि प्रोग्राम आहे तो संगणक, सबब टर्मिनल हाही संगणकच, सबब अर्जदार क्रमांक एक आणि दोन तांत्रिक. खाली दोघांची नावं. त्या कागद घेऊन नेमक्यांच्या घरी आल्या, दोन मजले चढून, खुर्चीत बसल्यावर पाच मिनिटं नुसता श्वास घेत राहिल्या.

नेमक्यांनी अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं. "बाई, हे नेमकं नाही."

"नेमकं नसेल. खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण तो प्रोसेसर फक्त अक्षर काढण्यापुरता. विचार सगळा तिकडे—"

"नेमके," बाई म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं मी त्या प्रोसेसरला डाग दिलेत. तो काय करतो ते मला ठाऊक आहे. त्यांनी त्याला पंख्यात घातलं, मी कॉम्प्युटरमध्ये घालतेय. सही करा. आणि सुनावणीला तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी बोलेन. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

नेमक्यांनी सही केली. शपथही घेतली. आणि ती पाळायचीच, असं त्यांच्या मनात होतं, हेही लिहून ठेवायला हवं.

सुनावणीला महिना होता, आणि त्याच महिन्यात काळ्या खिडकीने कुठूनतरी एक मोडका टर्मिनल मिळवला, उघडला आणि आतल्या पाटीचा फोटो कट्ट्यावर टाकला. हा प्रोसेसर, ही मेमरी. "बघा गुरुजी! टर्मिनल स्वतःच संगणक आहे. चार वर्षं तुम्ही कशाचा फरक सांगत होता?" बाईंचाच मुद्दा, जवळजवळ बाईंचेच बाण. खाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली होती.

दोन दिवस नेमके गप्प राहिले. त्यांना अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, की अर्ज वेगळा आणि कट्टा वेगळा, कचेरीतलं कोण येतंय इथे वाचायला, आणि बसले लिहायला. सकाळी नऊला बसले ते उन्हं उतरेपर्यंत. "टर्मिनल संगणक का नव्हे: एका बंदरातला एकतीस वर्षांचा अनुभव". बारा पानं. इतकं स्वच्छ त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. प्रोसेसर आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा, त्यांनी लिहिलं. प्रश्न असा विचारा की केबल कापल्यावर त्या वस्तूचं काम उरतं का? उरलं तर संगणक, नाही उरलं तर टर्मिनल. कट्टेवाल्यांनी तो लेख सगळ्यांत वर लावून ठेवला. कुणीही इंटरनेटवर टर्मिनल आणि संगणक हे दोन शब्द शोधले की पहिलं तेच पान यायचं.

जित्याची खोड म्हणतात ती हीच.

सुनावणी बंदराच्या जुन्या सभागृहात होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडाला शाईचे डाग. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते, ऐकू कमी यायचं पण कळायचं पुरतं. समोर प्रशासनाचा अधिकारी, चाळिशीचा, फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावून आणणारा. बाई उभ्या राहून बोलल्या. तीन वाक्यं, मग पाण्याचा घोट, मग तीन वाक्यं. त्यांनी खरी पाटीच आणली होती. अध्यक्षांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून पाहिली आणि विचारलं, "हे सगळं तुम्ही हाताने जोडत होता?"

"हो साहेब."

"आणि याला पंखा म्हणत होते?"

"पंखे, घड्याळं व इतर."

अध्यक्ष हसले. त्यांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं ते पाहणं असं होतं की बाईंनी खुर्चीत बसून टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. काम झाल्यात जमा होतं.

अधिकाऱ्याने फाइलमधून बारा पानं काढली. "साहेब, हा इंटरनेटवरचा एक लेख. लिहिणारा म्हणतो, मी बंदरात एकतीस वर्षं टर्मिनल दुरुस्त केले, आणि टर्मिनल हा संगणक नव्हे."

बाईंनी मान वळवून नेमक्यांकडे पाहिलं. एकतीस वर्षं आणि बंदर म्हटल्यावर त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी फक्त नेमक्यांच्या बाहीवर हात ठेवला आणि दाबला.

"लेखकाचं नाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"हिरवा पडदा, असं लिहिलंय."

"हे काय नाव आहे? अहो, बंदर काय एकच आहे का जगात? निनावी कागद मी विचारात घेणार नाही. ठेवा बाजूला."

बाईंनी श्वास सोडला. तो नेमक्यांना ऐकू आला, शिट्टीसारखा बारीक. त्या क्षणी बाई वाचल्या होत्या. इस्पितळ, दर आठवड्याचे उपचार, सगळं हाताशी आलं होतं, आणि नेमक्यांनी करायचं होतं ते एवढंच की काही करायचं नाही.

अधिकारी पानं परत फाइलमध्ये घालता घालता, जरा फणकाऱ्यानेच, म्हणाला, "तसाही यात अर्थ नाही साहेब. हा शहाणा म्हणतो, टर्मिनलमध्ये प्रोसेसरच नसतो. आणि बाईंनी तर इथे दाखवलाय."

"असं म्हटलेलं नाही," नेमके म्हणाले.

बाईंची बोटं बाहीत रुतली.

"काय म्हणालात?" अध्यक्षांनी कानाला हात लावला.

"पान चार बघा. प्रोसेसर असतो असंच लिहिलंय. मुद्दा तो नाहीच. नेमकं सांगायचं तर, मुद्दा केबलचा आहे."

"तुम्हाला काय ठाऊक, लेखात काय लिहिलंय ते?"

इथेही सुटका होती. वाचलाय म्हणाले असते तरी चाललं असतं. पण चार वर्षं टोपणनावाने फिरणाऱ्या माणसाला न्यायाधीश विचारत होता, आणि नेमके उभे राहिले. "मीच लिहिलाय, साहेब."

मग ते पंचवीस मिनिटं बोलले. कोपऱ्यातला फळा ओढून घेतला, खडू मागितला. मोठं यंत्र काढलं, केबल काढली, टर्मिनल काढला. अक्षर कसं जातं, कसं परत येतं. मग फळ्यावरची केबल बोटाने पुसली आणि विचारलं, "आता हा काय करू शकतो?" अध्यक्ष पुढे वाकून ऐकत होते. त्यांनी दोन शंका काढल्या, दोन्ही चांगल्या, नेमक्यांनी दोन्ही सोडवल्या. अधिकारी भराभर लिहून घेत होता. असं ऐकणारं कुणी नेमक्यांना जन्मात भेटलं नव्हतं, आणि बोलताना त्यांचा चेहरा लग्नातल्या नवऱ्या मुलासारखा उजळला होता. बाईंचा हात बाहीवरून कधी निघाला ते त्यांना कळलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अर्ज नामंजूर. "अर्जदार क्रमांक दोन यांनी स्वतःच केलेली टर्मिनलची व्याख्या अत्यंत स्पष्ट असून समिती ती जशीच्या तशी स्वीकारीत आहे." खाली व्याख्या, अवतरणात, एक काना-मात्रा न बदलता. यापुढे बंदराच्या सर्व कामकाजात हीच व्याख्या ग्राह्य धरावी. नेमक्यांनी बाईंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही.

निकालाची बातमी कट्ट्यावर कुणीतरी टाकली. काळ्या खिडकीने लिहिलं, "गुरुजी, मान्य. तुमचं बरोबर होतं. आता तर शिक्कामोर्तबच झालं." हे वाक्य नेमक्यांनी तीन वेळा वाचलं. त्यांना आनंद झाला. वाईटही वाटत होतं, पण आनंद झाला, आणि तो आधी झाला. हे मी त्यांच्या बाजूने खोडून काढू शकत नाही.

चार महिन्यांनी बाईंच्या मुलीचा फोन आला. आई घरात यंत्रावर आहे, तुम्ही यायचं तर या, म्हणाली. नेमक्यांनी जाण्याआधी माफी पाठ केली. बायकोला म्हणून दाखवली. बायको म्हणाली, "लांबण लावू नका. 'चुकलं माझं' एवढंच म्हणा. त्यात नेमकं-बिमकं काही आणू नका." जाताना त्यांनी ती जुनी, केसातली पिन डाग दिलेली वस्तू खिशात टाकली. बाईंच्या हातात ठेवून म्हणायचं, चुकलं माझं.

मुलीने दार उघडलं. "पाच मिनिटं, काका. तिला फार बोलायला लावू नका."

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. नाकात नळी. नळी पलंगाशेजारच्या करड्या खोक्यात गेली होती आणि ते खोकं एका लयीत घुरघुरत होतं. खोक्यावर तळहाताएवढा पडदा, त्यात हिरवे आकडे, खाली चार बटणं. नेमके स्टुलावर बसले. बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बोटाने खोक्याकडे खूण केली.

"नेमके," त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक शब्दाआधी थांबल्या, "याला पडदा आहे. बटणं आहेत. हा टर्मिनल का हो?"

ती चेष्टा होती, की शिवी होती, की माफीला वाट करून दिली होती, ते बाईंनाच माहीत. दुसरा कुणी असता तर त्याने मान खाली घातली असती. नेमक्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "हे हवा मोजतं, दाब ठरवतं, सगळं आतल्या आत. बाहेरच्या कुणावर अवलंबून नाही. म्हणजे हा टर्मिनल नव्हे. नेमकं सांगायचं तर, हा संगणकच."

"संगणक," बाई म्हणाल्या. "बरं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुलीने पाच मिनिटं झाल्याचं सांगितलं. नेमके उठले, चपला घातल्या, जिना उतरू लागले. दुसऱ्या वळणावर थांबले. खोक्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला, काहीतरी दिसलं होतं. ते आठवून पाहिलं आणि नेमके परत वर चढले. दम लागला तरी थांबले नाहीत. बेल वाजवली.

मुलीने दार उघडलं. त्यांचा चेहरा पाहून ती दारातून बाजूला झाली, आत यायला जागा करून दिली. "या ना काका. जागी आहे ती."

"आत नको. त्यांना एवढं सांग," नेमके धापा टाकत म्हणाले, "त्या खोक्याला मागे एक कनेक्टर आहे. म्हणजे ते कधीतरी दुसऱ्या यंत्राला जोडत असणार. मी मघाशी ते धरलं नव्हतं. तेवढं सोडून बाकी माझं बरोबर आहे."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "आणखी काही सांगायचंय?"

नेमक्यांनी विचार केला. "नाही. एवढंच."

दार लागलं. घरी येऊन त्यांनी सदरा काढला, खिसे रिकामे केले, किल्ल्यांबरोबर ती पिनेची वस्तू टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. बायकोने टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "दिली नाहीत?" तेव्हा कुठे नेमक्यांना आठवलं की माफी मागायची राहिली.